हरसूलच्या कॉम्प्युटरमधली हळद

१

हरसूलच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरमधून चांगला माल काढून कुणीतरी आत भंगार बसवलं, ही बातमी इंदिराबाई गायधनींना शुक्रवारी सकाळी वाचनालय चालवणाऱ्या नाशिकच्या संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. बातमीखालीच निकालही लागलेला होता. संस्थेचे कार्यवाह योगेश बोरस्ते यांनी लिहिलं होतं, 'चोरी आपल्या शिपायानेच केली आहे. काल बाजाराच्या दिवशी वाळूला लोकांसमोर जाब विचारला आणि किल्ल्या काढून घेतल्या. रविवारच्या बैठकीत त्याला कामावरून काढण्याचा आणि पोलिसांत तक्रार देण्याचा ठराव घेऊ.' त्याखाली सात जणांचे अंगठे. 'बाबा रे, पुरावा काय?' एवढं विचारायची एकालाही बुद्धी झाली नव्हती.

इंदिराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाळू अकरा वर्षं ते वाचनालय सांभाळत होता. पुस्तकं लावायची, पावसाळ्यात कौलं गळायला लागली की कपाटं ओढून कोरडी ठेवायची, एखादा म्हातारा आला तर त्याला पेपर वाचून दाखवायचा, सगळं तोच करायचा. अकरा वर्षांत एक दिवाळी अंक गहाळ झाला नव्हता. आणि त्याला भर बाजारात चोर म्हणायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

राग यायला आणखीही एक कारण होतं. तो कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट खुद्द इंदिराबाईंचा. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि घरी रोजच्या वापराला त्यांनी अशोक स्तंभाजवळच्या महेशच्या दुकानातून असाच एक रिफर्बिश्ड कॉम्प्युटर घेतला होता. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी ऑफिसातले कॉम्प्युटर बदलतात. महेशसारखे लोक ते आणतात, पुसून-तपासून, लागेल तो भाग नवा घालून विकतात. बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत घरचं काम भागतं. संस्थेचे अध्यक्ष उपेंद्रराव शिंगणे यांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं, "लोकांनी टाकलेलं आपण का उचलायचं?" त्यावर इंदिराबाई म्हणाल्या होत्या, "अहो, हरसूलच्या पोरांना परीक्षेचे फॉर्म भरायचेत, बायकांना दाखले काढायचेत. त्यावरून काय उपग्रह सोडायचाय?" आता त्याच उपेंद्ररावांचा फोन आला आणि पहिलंच वाक्य, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

फोन ठेवून इंदिराबाईंनी चपला घातल्या आणि थेट महेशचं दुकान गाठलं.

महेश पस्तिशीचा, बेताचं बोलणारा माणूस. काउंटरवर हरसूलचा कॉम्प्युटर उघडाच पडला होता. "काकू, तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी मी हा तुमच्या डोळ्यांसमोर दिलाय," तो म्हणाला. "मशीन वेगानं चालावं म्हणून आठ-आठच्या दोन रॅम घातल्या होत्या, सोळा जीबी. डबा बंद करून फटीवर सील चिकटवलं."

खोटं नव्हतं. इंदिराबाईंना ते सगळं आठवत होतं. महेशला एक खोड होती. कुठलाही भाग विकला की त्यावरचा नंबर तो जाड वहीत लिहून ठेवायचा, कारण गिऱ्हाइकं वॉरंटीच्या नावाखाली भलत्याच दुकानातला माल त्याच्या गळ्यात मारायची. त्या शनिवारीही त्यानं नंबर लिहिले, सील चिकटवलं, आणि मगच मशीन उचललं. योगेश तेव्हा बाहेर फोनवर बोलत उभा होता. "सोमवारी मला हरसूलला जायचंच आहे, मीच नेतो," म्हणत त्यानं ते आपल्या गाडीच्या डिकीत ठेवलं. डिकी बंद होईपर्यंत इंदिराबाई तिथेच होत्या. सील धड होतं.

"आणि आता?"

"काल सकाळी योगेशभाऊ हरसूलहून घेऊन आले, स्लो चालतंय म्हणून. सील फाटलेलं. उघडलं तर दोन्ही रॅम गायब आणि त्यांच्या जागी ही एकच, चारची, जुनी." महेशनं बोटाएवढी हिरवी पट्टी दाखवली. तिच्या चिपांच्या फटीत पिवळी भुकटी बसली होती. "भाऊ म्हणाले, ही हळद. पूजा वाळूनं केली, हळदीच्या हातानंच डबा उघडला. असं म्हणून ते तडक परत हरसूलला गेले."

डब्याच्या बाजूवर वाळूनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. शेजारी हळदीची बोटं. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावायचं, मग ती कोरी असो की दहा वर्षं जुनी. हरसूललाही तेच, नाशिकलाही तेच. आणि तोच पिवळा रंग आतल्या पट्टीवर. वाळू, असं केलंस तरी का रे, असं क्षणभर इंदिराबाईंच्याही मनात येऊन गेलं.

२

शनिवारी सकाळच्या एसटीनं त्या हरसूलला गेल्या. गुडघा कुरकुरत होता, पण फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, आणि त्यांना वाळूचं तोंड बघायचं होतं.

वाळू घराच्या ओट्यावर बसला होता. त्यांना बघून उठला, पण रोजच्यासारखा हसला नाही. त्याची बायको भागीबाई पाण्याचा तांब्या ठेवून दारातच उभी राहिली.

"मी सरळ विचारते वाळू. तू काढलंस का त्यातलं काही?"

"नाय बाई. म्या त्या डब्याला उघडायचं कसं ते बी नाय जानत."

"तुझा भाचा मोबाइल दुरुस्त करतो ना?"

"करतो. त्याला कोनी इचारलं का? परवापास्नं त्याच्या टपरीवर बी कोनी फिरकलं नाय."

"मशीन आलं त्या दिवशीचं सांग. काही गाळू नकोस."

वाळूनं सांगितलं. सोमवारी दुपारी योगेशभाऊंची गाडी आली, बरोबर उपेंद्रराव. भाऊंनी डिकी उघडली, वाळूनं मशीन उचलून टेबलावर ठेवलं. भागीबाईनं ताट तयारच ठेवलं होतं. दहा-पंधरा वाचक जमलेले. वाळूनं स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, उपेंद्ररावांनी नारळ फोडला, पोरांना खोबरं वाटलं. "त्या दिसापास्नं किल्ली माझ्याकडंच हुती. खोटं कशाला बोलू?"

"आणि चालत कसं होतं?"

"सुरू व्हायला एक पेपर वाचून व्हायचा. पोरांचा फॉर्म अर्ध्यावर अडकायचा. भाऊंना तीनदा फोन केला. म्हनले, जुनाच हाय, तसाच चालनार. मंग म्या उपेंद्ररावांना फोन केला. तेनी सांगितलं म्हनून भाऊ परवा आले."

इंदिराबाईंनी हे मनात पक्कं धरलं. ज्यानं स्वतः आतला माल काढला, तो मशीन मंद चालतंय म्हणून चार-चार फोन कशाला करेल? आपल्याच घरात चोरी करून आपणच पोलीस बोलवायचे, असा येडा माणूस हरसूलात तरी त्यांनी पाहिला नव्हता.

"डब्याच्या फटीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली होती. ती कधी फाटली?"

"ती फाटलेलीच हुती की. म्या कुंकू लावलं तवाच."

"अरे, मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"मला काय ठावं, ती फाटायची नसते म्हनून? वाटलं, डबा जुना, चिठ्ठी बी जुनी. आन परवा बोलाया गेलो तर भाऊ म्हनले, चोराच्या तोंडाला लगाम नसतो."

दारातून भागीबाई बोलली. "बाई, काल दळनाला गेले. गिरनीत बाया बोलत हुत्या, मी आत पाय टाकला तशा गप झाल्या. कामावरून काढा, आमी मजुरी करू. पर ह्ये नाव घेऊन कुठं जायचं?"

परतीच्या एसटीत, घाटाच्या वळणावळणाला इंदिराबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सील शनिवारी दुकानात धड होतं. सोमवारी पूजेच्या वेळी ते फाटलेलं असेल, तर मधल्या दोन दिवसांत मशीन एकाच माणसाच्या हातात होतं. पण हे म्हणतो कोण, तर ज्याच्यावर आळ आहे तोच. बैठकीत त्याच्या शब्दाला कोण विचारणार?

३

संध्याकाळी त्या गंगापूर रोडला योगेशच्या फ्लॅटवर गेल्या. योगेश मूळचा निफाडचा. तिथे द्राक्षांचे मळे, माल पॅक करायची मोठी शेड, परदेशात माल जातो. बोलायला गोड, देणग्या आणण्यात पटाईत, म्हणून कार्यवाह.

"या मावशी. तुम्हाला वाईट वाटणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण दया कुणावर करायची हे कळलं पाहिजे."

"मशीन त्या शनिवारी तू घरी नेलंस?"

"घरी कशाला? डिकीतच होतं. गाडी खाली पार्किंगला. रविवारी मी घराबाहेर पडलोच नाही, बरं वाटत नव्हतं. सोमवारी उपेंद्ररावांना घेतलं आणि हरसूल. संपला विषय."

"सील कधी फाटलं असेल?"

"मावशी, तुम्ही पण ना. किल्ली कुणाकडे? वाळूकडे. पूजा कुणी केली? वाळूनं. हळद कुठे? आत. भाचा कोण? मोबाइलवाला. आणखी काय त्यानं लिहून द्यायला पाहिजे?" चहाचा कप पुढे सरकवत तो हसला. "अशा लोकांच्या हातात चांगली वस्तू दिली की हेच होतं. तुम्ही तर विज्ञानाच्या माणूस. डोळ्यांना दिसते ती हळद तरी मान्य करा."

अशा लोकांच्या, म्हणे. इंदिराबाईंनी चहा तसाच ठेवला. कसे लोक असतात ते? अकरा वर्षं मिळेल त्या पगारात तुमची कपाटं पुसणारे? पण बोलण्यासारखं हातात काही नव्हतं, आणि तोंडानं नुसतं भांडून वाळूचं काही भलं होणार नव्हतं. त्या उठल्या.

घरी येऊन त्यांनी सकाळची साडी भिजवायला काढली. पदरावर हळदीचा डाग पडला होता. निघायच्या घाईत फोडणी करताना सांडलेली असणार. त्यांनी डाग ओला केला आणि त्यावर साबणाची वडी घासली. डाग विटकरी लाल झाला. प्रत्येक बाईला रोज दिसतं ते. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना त्यांनी एकतीस वर्षं याच्याच कागदाच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या.

साबण हातात धरून इंदिराबाई मोरीत तशाच उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि योगेश म्हणाला हळद, म्हणून आपणही हळदच म्हणालो. पिवळं दिसलं, शेजारी स्वस्तिक दिसलं, आणि डोकं गहाण ठेवलं. लाज वाटायला हवी. त्यांनी महेशला फोन लावला. "उद्या रविवार आहे, माहीत आहे मला. तरी दुकान उघड."

४

रविवारी सकाळी महेशनं अर्धं शटर वर केलं. इंदिराबाईंनी पिशवीतून साबणाची वडी, कापूस आणि काड्यापेटी काढली. महेशला वाटलं असावं, काकूंचं वय झालं.

त्यांनी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून आधी डब्याच्या बाहेरून, वाळूच्या हळदीच्या बोटांवरून फिरवला. कापूस लाल झाला. मग नव्या बोळ्यानं आतल्या पट्टीवरची भुकटी टिपली. बोळा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. त्यांनी पाच मिनिटं घड्याळ लावून वाट पाहिली. पुन्हा साबण लावला. पिवळाच.

"ही हळद नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

त्यांनी चमच्याच्या टोकावर चिमूटभर भुकटी घेतली आणि काडी ओढून खाली धरली. भुकटी वितळली, बारीक निळी ज्योत आली आणि नाकात झिणझिण्या आणणारा, ठसका लावणारा वास दुकानभर पसरला. महेशनं पंखा लावला. "हा वास मला माहीत आहे काकू. निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यांवरून कॉम्प्युटर येतात दुरुस्तीला, उघडले की हेच. भुरीचा रोग पडू नये म्हणून द्राक्षांवर मारतात तो गंधक. पोती शेडमध्ये ठेवतात, कॉम्प्युटर पण तिथेच. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर गंधक."

"हरसूलला द्राक्षं आहेत का?"

"भात आणि नागली, काकू."

इंदिराबाईंनी पर्समधून वाचायचं भिंग काढलं आणि सीलवर धरलं. सील मधोमध फाटलं होतं, दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढी जागा. त्यावरून वाळूचं कुंकवाचं बोट खाली ओढलेलं होतं. कुंकू वरच्या तुकड्यावर होतं, खालच्या तुकड्यावर होतं, आणि मधल्या उघड्या काळ्या पत्र्यावरही होतं. त्यांनी महेशच्या हातात भिंग दिलं. सील अखंड असताना कुंकू लावलं असतं, तर ते कागदावर बसलं असतं आणि नंतर कागद फाटल्यावर खालचा पत्रा कोरा निघाला असता. इथे पत्र्यालाच कुंकू लागलं होतं. म्हणजे वाळूनं बोट ओढलं तेव्हा चिठ्ठी फाटलेलीच होती, अगदी तो म्हणाला तशी.

"आता ती पट्टी पूस. नंबर दिसतो का बघ."

"नंबर तेव्हाच बघितला असता, पण हरसूलच्या पानावरच्या पट्ट्या नाहीत एवढं दिसलं, मग कशाला बघायचं?" महेशनं गंधक पुसला, नंबर मोठ्यानं वाचला आणि वाचता वाचता थांबला. "काकू, ही खूण माझी आहे. कोपऱ्यातला हा निळा ठिपका मी लावतो. ही पट्टी माझ्याच दुकानातून गेलीय."

तो माळ्यावर चढला. जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली आला. दोन वह्या झाल्या, तिसरी झाली. चौथ्या वहीत एका पानावर त्याचं बोट थांबलं. त्यानं वही इंदिराबाईंपुढे फिरवली. त्यांनी नाव वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"चार वाजता बैठकीला चल," त्या म्हणाल्या. "वही घेऊन."

५

उपेंद्ररावांच्या दिवाणखान्यात सात सदस्य सोफ्यांवर, आणि वाळू दाराशी उभा. त्याला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. इंदिराबाईंनी स्वतः आतून खुर्ची आणून त्याला बसवलं आणि मगच बोलायला सुरुवात केली.

त्यांनी साबणाचा प्रयोग सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवला. बाहेरची हळद लाल, आतली भुकटी पिवळी. मग भिंग एकेकाच्या हातात फिरलं आणि पत्र्यावरचं कुंकू सातही जणांनी पाहिलं. "पूजेच्या आधीच डबा उघडला गेला होता," इंदिराबाई म्हणाल्या. "पूजा गाडीतून उतरवल्या उतरवल्या झाली, अध्यक्षांच्या साक्षीनं. वाळूला वेळ कधी मिळाला?"

योगेश सावरून बसला. "मग महेशनंच दुकानात केलं असणार. जुना माल विकणारे हे लोक, यांचा काय भरवसा?"

"सील माझ्यासमोर लागलं आणि तुझ्या डिकीत गेलं तेव्हा धड होतं. आणि महेशच्या दुकानात गंधक कुठून येणार?"

"निफाडात गंधक घरोघर आहे मावशी. सगळ्या तालुक्याला पकडणार का?"

"नाही. एकालाच. महेश, वाच."

महेशनं वही उघडली आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "चार वर्षांपूर्वी, ऑगस्ट. एक डेस्कटॉप, हरसूलला दिला त्याच कंपनीचा. रॅम चारची, एक. नंबर तोच, जो आज हरसूलच्या मशीनमध्ये आहे. गिऱ्हाईक, बोरस्ते द्राक्ष शेड, निफाड. हस्ते कारभारी."

कारभारी हा शेडवरचा जुना माणूस. शेडला कॉम्प्युटर हवा म्हणून योगेशनं त्याला नाशिकला पाठवलं होतं. त्यानं तो कुठल्या दुकानातून आणला, हे मालकानं चार वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. नोकरानं आणलेल्या वस्तूची चौकशी कोण करतो?

"पण मी निफाडला गेलोच नव्हतो," योगेश म्हणाला. "मशीन डिकीत होतं, मी घरी..."

"अरे, त्या रविवारी तर तू मला द्राक्षांची पेटी दिलीस," उपेंद्रराव म्हणाले. ते भांडायला म्हणून बोललेच नव्हते, त्यांना नुसतं आठवलं होतं. "म्हणालास, काका, आत्ताच मळ्यातून आणली, अजून देठ हिरवे आहेत."

"महेशच्या वहीत हरसूलच्या दोन्ही पट्ट्यांचेही नंबर आहेत," इंदिराबाई म्हणाल्या. "आत्ता सगळे निफाडला जाऊ. शेडमधला डबा उघडू. चालेल?"

योगेशनं रुमालानं कपाळ पुसलं. पुसता पुसताच तो बोलायला लागला. "किती बाऊ करता एवढ्याशा तुकड्याचा. शेडवरचा कॉम्प्युटर अडकत होता. सोमवारी पहाटे कंटेनर निघायचा होता, कागद होत नव्हते, रविवारी कुठलं दुकान उघडं नव्हतं. डिकीत मशीन पडलं होतं. म्हटलं, आत्तापुरतं घालू, नंतर बदलू. मग राहून गेलं. आणि खरं सांगू? तिकडे पोरं व्हिडिओच बघणार. सोळा जीबी काय करायचेत त्यांना?"

"फॉर्म भरायचेत," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. "तुझे कागद कागद, आणि त्यांचे कागद म्हणजे पोरखेळ? तुझ्या गाडीच्या एका टायराच्या किमतीत असल्या दहा पट्ट्या आल्या असत्या. बरं, घेतलीस. वाळूनं तीनदा फोन केला, तेव्हा गुपचूप परत घालायची होतीस, कुणाला कळलं नसतं. तू काय केलंस? आत तुझाच गंधक दिसला आणि ती वाळूची हळद ठरवलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच न्यायाधीश होऊन बसला."

योगेश खाली बघत होता. उपेंद्ररावांनी घसा साफ केला. आजवर प्रत्येक भांडण त्यांनी असाच घसा साफ करून मिटवलं होतं. "झालं ते वाईट झालं. पण संस्थेच्या नावाचाही विचार करायला हवा. योगेश राजीनामा देईल, वाचनालयाला कोरा करकरीत कॉम्प्युटर देईल. वाळू उद्यापासून कामावर. बाहेर चर्चा नको. काय वाळू? झालं गेलं विसरून जा."

सगळ्यांच्या माना हलल्या. दोघा-तिघांनी तर फोन हातात घेतले, उठायच्या तयारीनं. इंदिराबाई तोंड उघडणार, तेवढ्यात वाळू खुर्चीवरून उठला.

"कोरा नको," तो म्हणाला. "हाय त्योच बरा हाय. त्याच्या दोन पट्ट्या तेवढ्या परत घाला, पळंल त्यो."

"बरं, बरं. मग तर मिटलंच."

"नाय मिटलं." वाळूनं हात पाठीमागे धरले. "भाऊ मला चोर म्हनले ते हितं, या सोफ्यावर बसून नाय म्हनले. बाजारात म्हनले. पाड्यापाड्याची मानसं आली हुती, माझे पाव्हने हुते, पोराची सासुरवाडी हुती. ती मानसं या बैठकीला येनार नायत. तुमी हितं काय बी लिवा, त्यांच्यापरयंत काय जात नाय. भाऊंनी परत बाजारात यावं आन तितंच सांगावं. मंग मी किल्ल्या घेईन."

"अरे, पण त्यांची काही इज्जत..." एक सदस्य म्हणाला.

"माझी नव्हती का?" वाळूनं विचारलं.

इंदिराबाईंनी ठरावाची वही ओढली, वाळूनं सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहिलं आणि पेन योगेशपुढे धरलं.

६

पुढच्या बाजाराच्या दिवशी हरसूलला ऊन चटकत होतं. वाचनालयासमोर नेहमीसारखीच सुकट, मिरच्या, टोपल्या, बांगड्यांची दुकानं लागली होती. महेशनं सकाळीच येऊन पट्ट्या बसवल्या होत्या आणि आत एक मुलगी भराभर फॉर्म भरत होती. उपेंद्रराव सावलीत छत्री उघडून उभे होते. योगेशनं गाडी लांब उभी केली आणि पायऱ्यांवर आला. ओळखणारे थांबले, त्यांना बघून न ओळखणारेही थांबले.

योगेशनं खिशातून कागद काढला. "वाचनालयाच्या संगणकाच्या सुट्या भागांविषयी मागील आठवड्यात जो गैरसमज..."

"गैरसमज नाही," खालून इंदिराबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी कागद नव्हता तुझ्या हातात. तसंच बोल."

त्यानं कागदाची घडी केली. एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा उपेंद्ररावांकडे. उपेंद्रराव छत्री नीट करत होते. शेवटी तो पुटपुटल्यासारखा बोलला. कॉम्प्युटरमधला माल वाळूनं घेतला नव्हता. मी घेतला होता. वाळूला चोर म्हणालो, ते खोटं होतं.

वाळू पायरीच्या कडेला उभा होता. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

गर्दीच्या अगदी शेवटी, मिरच्यांच्या ढिगापलीकडे, डोक्यावर पाटी घेऊन भागीबाई उभी होती. गिरणीतल्या बायका तिच्या आजूबाजूला होत्या. तिनं पाटी खाली ठेवली.

"मागं काय बी ऐकू आलं नाय," ती म्हणाली. "परत सांगा."

योगेशनं मान वर केली आणि पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.